बघ्या कीं साक्षी?

शब्दकोड्यांत ‘पाहणारा, अक्षरें दोन’ असा संकेत दिसला कीं आमचे विद्यार्थी झटकन् ‘बघ्या’ लिहून मोकळे होतात. पण ‘साक्षी’हि त्याच दोन घरांत नेमका बसतो! आर्थर विन यांनीं २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रांत मांडलेला हा खेळ बहुतांशीं समानार्थी शब्दांवर चालतो. आमच्या मतें मात्र हे दोन शब्द मुळींच समानार्थी नव्हेत. बघ्या गर्दी वाढवितो; साक्षी पाहिलेलें सांगावयास पुढें येतो, प्रसंगीं त्याची किंमतहि देतो. लूककृत शुभवर्तमानांतील दृष्टांतांत याजक व लेवी जखमी वाटसरूस पाहून पलीकडून निघून जातात. शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो. पाहिलें तिघांनींहि; पण शोमरोन्यासाठीं ‘पाहणारा’ एवढाच संकेत कोणी देईल काय?