डोकेदुखीसोबत अंधारी येते? डोळ्याचा पडदा लगेच तपासून घ्या!

डोकं दिवसेंदिवस दुखतंय, पहाटे जास्त ठणकतंय, मळमळतंय. वाकताना किंवा उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते. कानात नाडीच्या लयीत आवाज येतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. घरात कुणालाही असा त्रास होत असेल तर पित्त, ऊन किंवा चष्म्याचा नंबर म्हणून दिवस ढकलू नका.

मेंदूचं आवरण दृष्टिनसेभोवती थेट डोळ्यापर्यंत गेलेलं असतं. त्यामुळे कवटीतला दाब वाढला की तो नसेवरही येतो आणि ती डोळ्यात उतरते तिथे सुजते. ही सूज म्हणजे पॅपिलिडिमा. यात फसगत अशी, की सुरुवातीला अक्षरं स्वच्छ दिसतात. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली, म्हणजे डोळे ठीक आहेत असं नव्हे! उपचार लांबले तर बहुधा कडेची नजर आधी जाते, आणि नस सुकल्यावर गेलेली नजर परत येत नाही.

यामागे मेंदूतली गाठ, क्षयाचा मेंदूज्वर किंवा मेंदूतल्या शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. गुठळीचा धोका बाळंतिणींना अधिक, म्हणून त्यांची डोकेदुखी अंगावर काढू देऊ नका. वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांमध्ये गाठ नसतानाही दाब वाढतो. मुरमांवरच्या काही गोळ्या आणि 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस यांनीही असं होतं. चालू औषधं डॉक्टरांना जरूर सांगा.

नसेची ही सूज डोळ्याचा मागचा पडदा पाहिल्यावर दिसते. तो पाहण्याचं साधन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच दिलं. आज फंडस कॅमेरा काही मिनिटांत, न दुखवता पडद्याचा फोटो काढतो. ओसीटी ही तपासणी नसेच्या तंतूंची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते, त्यामुळे सूज वाढते की उतरते हेही कळतं. तरीही पडदा पाहायचा राहून जातो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात तातडीच्या विभागातल्या ३५० रुग्णांचे असे फोटो काढले, तेव्हा ४४ जणांमध्ये महत्त्वाचा दोष आढळला. डॉक्टरांनी मात्र नेहमीच्या तपासणीत फक्त ४८ जणांचे पडदे पाहिले होते.

डॉक्टरांना कळकळीची विनंती: अशा रुग्णाला डोकेदुखीची गोळी देऊन परत पाठवण्याआधी त्याचा पडदा पाहा आणि रक्तदाब मोजा. चष्म्याच्या दुकानदारांनो, अशा गिऱ्हाईकाला नंबर काढून थांबू नका, नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.

नागरिकहो, तपासणीला गेलात की स्पष्ट विचारा, "माझा मागचा पडदा पाहिलात का?" सूज निघाली तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा, स्कॅन पुढे ढकलू नका. फोटो चांगला आला तरी त्रास चालूच असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, कारण दाब वाढूनही कधी कधी सूज दिसत नाही. आणि उलट्या, गुंगी, फिट किंवा अचानक नजर जाणं यातलं काहीही झालं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.