मासाभर वजनाचे मोल



आपल्या सराफा बाजारात 'मासा' हा शब्द एके काळी पाण्यातला नव्हता, तराजूतला होता. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक जुन्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ असे. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, तेव्हा मासा भरतो एका ग्रॅमपेक्षा किंचित कमी. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजनमापे आली आणि दुकानांत ग्रॅमचे काटे लागले. तोळा बोलण्यात टिकला. मासा मात्र 'पल में तोला, पल में माशा' या म्हणीपुरता उरला. तरीही नाजूक काट्याला वारा लागू नये म्हणून तो काचेआड ठेवतात, ते एवढ्याशा सोन्यासाठीच. मासाभर वजनालाही किंमत असते, हे सराफ्याला कुणी शिकवावे लागत नाही. शाळेला मात्र त्याची अधूनमधून आठवण करून द्यावी लागते, असे आम्हाला वाटते.

निमित्त असे की, काही पालकांनी एक सूचना मांडली आहे आणि ती विश्वस्त मंडळापुढे विचारासाठी यायची आहे. आंतरशालेय स्पर्धांना, मग ती खो-खोची असो, समूहगीताची असो की विज्ञान प्रदर्शनाची, ज्यांचे बक्षीस जवळजवळ नक्की आहे अशाच मुलांना पाठवावे. बाकीच्यांचा वेळ आणि शाळेचा खर्च वाचवावा, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. मूल दिवसभर उन्हात उभे राहून रिकाम्या हाताने घरी येते, तेव्हा आईवडिलांच्या पोटात तुटते. तरीही आम्ही या सूचनेशी सहमत नाही. का नाही, ते सांगण्यासाठी आम्ही एका अशा खेळाचा दाखला देणार आहोत, जो आपल्या शाळेत कुणीच खेळत नाही. तो म्हणजे गळाने मासे धरण्याचा सामना.

हसू नका. वरवर पाहता हा आळशी माणसाचा खेळ वाटतो, पण त्याला इतिहास आहे आणि कडक नियमही. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग मानतात. सॅमन आणि ट्राउट हे मानाचे मासे. रोच, पर्च, ब्रीम, टेंच, कार्प वगैरे बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे साधे, जाडेभरडे. मानाच्या माशांच्या नद्या बहुधा बड्या लोकांच्या ताब्यात असत. कालव्यांतले आणि संथ नद्यांतले साधे मासे गिरणीतल्या आणि खाणीतल्या कामगारांच्या वाट्याला आले. सुटीच्या दिवशी त्यांचे क्लब काठावर जमत आणि सामने रंगत. १९०६ मध्ये थेम्स नदीवर पहिली अखिल इंग्लंड स्पर्धा झाली. १९५७ पासून या खेळाची जागतिक स्पर्धा भरते. आपल्या देशातही मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही रोहू, कटला, मृगळ असे मासे गळाने धरणाऱ्या हौशी मंडळींची संस्था आहे.

सामन्याची रीत अशी. काठावर ठरावीक अंतरावर क्रमांकाच्या खुंट्या रोवलेल्या असतात. सकाळी प्रत्येकाने पिशवीत हात घालून एक क्रमांक काढायचा. जो क्रमांक येईल तिथेच बसायचे. शेजारची जागा कितीही चांगली दिसली तरी सामना संपेपर्यंत उठून तिकडे जायचे नाही. धरलेले मासे पाण्यातच सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचे. वेळ संपली की तराजू घेऊन पंच येतात, वजन करतात, आणि मासे पुन्हा पाण्यात सोडले जातात. इंग्लंडमध्ये हे वजन पौंड आणि औंसांत मांडतात, आणि मासे अगदीच बारीक असतील तर ड्रॅममध्ये. एक ड्रॅम म्हणजे १.७७ ग्रॅम, आपल्या सराफ्याच्या हिशेबाने पावणेदोन माशांहून थोडासा जास्त. तेव्हा तिकडचे मासे तोलायला आपले जुने मासेही चालले असते!

आता मुद्द्याची गोष्ट, ती कठीण दिवसाची. मासा आपले शरीर स्वतः ऊबदार ठेवू शकत नाही. पाणी जितके थंड, जवळजवळ तितकाच तोही थंड. रात्रीतून गारठा पडला की त्याचे पचन मंदावते आणि तो फारसे खात नाही. पौषातल्या धुक्यात आपल्या ग्वाल्हेरच्या मुलांना अंथरुणातून निघवत नाही, आणि माशाला तर पांघरूणही नाही. त्यात पाणी नितळ असेल आणि ऊन लख्ख पडले असेल, तर दोरा दिसतो, काठावरची सावली दिसते आणि मासा बुजतो. अशा दिवशी तास तास गळ हलत नाही. शेजारी पाहावे तर तोही तसाच बसलेला. अशा दिवशी बरेच जण पिशवी कोरडी घेऊनच परत जातात.

कच्चा खेळाडू अशा वेळी चिडतो आणि भसाभसा चारा टाकतो. जो मासा मुळात घासभरच खाणार असतो, त्याचे पोट त्या चाऱ्यानेच भरते आणि गळाकडे तो बघतसुद्धा नाही. मुरलेला खेळाडू उलट वागतो. दोरा अधिक बारीक घेतो, गळ अधिक लहान लावतो, चारा चिमटी-चिमटीने टाकतो. शिशाचे वजन सोडून पाण्याची खोली पुन्हा मोजतो आणि आमिष वीतभर वर-खाली करून पाहतो. त्याला ठाऊक असते की आज मोठा मासा मिळणार नाही. त्याला एकच हवा असतो, बोटाएवढा का होईना.

एकाच माशासाठी एवढी धडपड का? याचे उत्तर सांघिक सामन्याच्या गणितात आहे, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाचे पाच खेळाडू असतात आणि काठाचे पाच भाग केलेले असतात. प्रत्येक भागात प्रत्येक देशाचा एक खेळाडू बसतो. वजन फक्त त्या त्या भागातला क्रमांक ठरवण्यासाठी. गुण मिळतात ते क्रमांकाचे. पहिल्याला १, दुसऱ्याला २, असे. पाचांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो संघ जिंकला. आणि ज्यांना एकही मासा मिळाला नाही, त्यांच्यात उरलेल्या क्रमांकांची सरासरी सारखी वाटली जाते.

समजा, एका भागात ३० खेळाडू आहेत आणि दिवस इतका वाईट की १० जणांनाच काहीतरी मिळाले. उरलेल्या २० जणांना ११ ते ३० या क्रमांकांची सरासरी, म्हणजे प्रत्येकी २०.५ गुण पडतील. आता त्या वीसांपैकी एकाने शेवटच्या मिनिटाला एक चिमुकला मासा काढला. तो अकरावा आला. त्याचे गुण २०.५ वरून ११ झाले, म्हणजे संघाच्या बेरजेत साडेनऊ गुणांचा फायदा. त्याच वेळी दुसऱ्या भागात त्याच्या संघातला नामवंत खेळाडू दुसऱ्याचा पहिला आला, तर संघाला फायदा किती? एका गुणाचा.

हे गणित आम्हाला फार बोलके वाटते. चांगल्या दिवशी संघ हुशार खेळाडूंच्या जोरावर जिंकतो. वाईट दिवशी मात्र तो तरतो त्या खेळाडूवर, ज्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती आणि तरीही जो जागेवरून उठला नाही. नक्की बक्षीस मिळवणारीच मुले पाठवायची, असे आपण ठरवले तर वाईट दिवस निभावणारी मुले आपल्याकडे तयार कशी होणार? आणि वाईट दिवस कुणाला चुकला आहे?

पहिल्या क्रमांकाची सवय असलेल्या मुलांसाठीही हे तितकेच खरे आहे. इंग्लंडच्या अ‍ॅलन स्कॉटहॉर्नने १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन वर्षे जागतिक वैयक्तिक अजिंक्यपद जिंकले. पुढचे अजिंक्यपद त्याला थेट २००३ मध्ये मिळाले, आणि पाचवे २००७ मध्ये. मधल्या वर्षांत तो खेळ विसरला होता असे नाही. पाणी वेगळे होते, वाट्याला आलेली खुंटी वेगळी होती, समोरचे खेळाडूही चांगले होते. 'बक्षीस नक्की असेल तरच जा', असे त्याला कुणी १९९९ मध्ये सांगितले असते, तर पुढची दोन अजिंक्यपदे झालीच नसती.

काही आक्षेप येतील, त्यांचाही विचार करू. पहिला असा की हा नशिबाचा खेळ आहे. चिठ्ठीत वाईट जागा आली तर मेहनतीचे काय? खरे आहे, नशीब असतेच. आपल्या मुलांनाही कधी खोचक परीक्षक मिळतो, कधी समूहगीताला पहिलाच क्रमांक येतो, कधी मैदान ओले असते. पण खेळाचा नियम सांगतो की वाट्याला आलेल्या जागेवर जे करता येईल ते सगळे करायचे. हे शिकण्यासाठी स्पर्धेला जावे लागते. घरी बसून ते येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातल्या अनेक घरांतून येईल. माशाला गळ लावायचा, याचे कौतुक मुलांपुढे कशाला? हा प्रश्न रास्त आहे. मुलांच्या हाती गळ देण्याची आमची मुळीच सूचना नाही. मासा सोडून दिला तरी त्याला त्रास होतोच, हे मुलांना सांगितले पाहिजे. त्याबरोबर हेही सांगावे की या खेळाला स्वतःला आवर घालणारे नियम आहेत. इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात साधे मासे धरायला बंदी असते. आपल्या मध्य प्रदेशात माशांच्या विणीसाठी १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तिकडे ज्या दिवशी पाणी खुले होते, नेमके त्याच दिवशी आपल्याकडे ते बंद होते. कारण मात्र एकच, पुढची पिढी वाढू द्यावी. शाळेलाही हेच करायचे आहे ना?

तिसरा आक्षेप खर्चाचा. तो खोटा नाही, आणि विश्वस्तांना प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो याची आम्हाला जाणीव आहे. पण खर्च कमी करायचा असेल तर स्पर्धा कमी कराव्यात, मुले कमी करू नयेत. चार ठिकाणी निवडक दोघांना पाठवण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण संघ पाठवावा.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. विश्वस्तांनी ही सूचना स्वीकारू नये. या वार्तापत्रात बक्षीसपात्र मुलांच्या यादीबरोबरच स्पर्धेला गेलेल्या प्रत्येकाचे नाव छापावे. जागा आमच्याकडे आहे. पालकांनी संध्याकाळी 'कितवा नंबर आला?' हे जरूर विचारावे, पण त्याआधी 'काही जमत नव्हते तेव्हा तू काय बदलून पाहिलेस?' असे विचारावे. उत्तर नसेल तर रागावू नये. पुढच्या वेळी असेल.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. ज्या दिवशी काही हाती लागत नाही, त्या दिवशी शेजाऱ्याच्या पिशवीकडे पाहू नका, आणि सगळा चारा एकदम फेकू नका. दोरा बारीक करा, वेळ संपेपर्यंत बसा. शेवटी एक चिमुकला मासा लागला, तर तो लाजत दाखवू नका. तो तराजूत घाला. तुमच्या संघाच्या बेरजेत तो किती भरेल, हे तुम्हाला तिथे बसल्या जागेवरून दिसत नसते.