दोनशे सातवा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की हैदराबादच्या पेपरांना पहिलं पान उरत नाही. कोचिंग क्लासांच्या जाहिराती, पानभर पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाखाली आकडा. टीव्हीवर तर एक बाई दम न घेता आकडेच म्हणत सुटते. आमच्या जिन्यातही सध्या एकच चौकशी: "कित्ता आया रँक?" मी पेपर शेवटच्या पानापासून वाचतो. पण यंदा क्रीडापानावर पोचायच्या आधीच जाहिरातीतला एक चष्मेवाला मुलगा आडवा आला. रँक 207. गळ्यात झेंडूचा हार.

मला एकदम विष्णू वर्धन आठवला. आपल्या सिकंदराबादचा टेनिसपटू. 2012च्या लंडन ऑलिंपिकआधी भूपती आणि बोपण्णा दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला. मग महासंघाने दोन जोड्या पाठवल्या आणि पेसच्या शेजारी विष्णूला उभं केलं. दुहेरीत तेव्हा त्याचा जागतिक क्रमांक होता 207.

झालं, देशभर बोंब. पेससारख्या खेळाडूला दोनशे सातवा जोडीदार? जणू त्याच्या गळ्यात धोंड बांधली होती. भांडण थोरामोठ्यांचं आणि नंबर निघाला ह्या पोराचा. अहो, आमच्या जाहिरातीतला 207 फक्त देशातला, विष्णूचा अख्ख्या जगातला! पण एकाला हार आणि दुसऱ्याला टोमणे. बरं, लंडनला झालं काय? पेस-विष्णूंनी हासे-रॉयर ही डच जोडी हरवली आणि दुसऱ्या फेरीत ते त्सोंगा-लोद्राकडून हरले. त्या फ्रेंच जोडीने पुढे रौप्यपदक नेलं. आणि भूपती-बोपण्णा? तेही दुसऱ्याच फेरीत घरी. ह्याची बोंब मात्र कुणी मारली नाही. कोलश्रायबर नावाचा खेळाडू ऐनवेळी गळाल्यामुळे विष्णू एकेरीतही खेळून आला, तेही कुणाच्या लक्षात नाही. त्याआधी 2010च्या एशियाडमध्ये सानियाबरोबर त्याने मिश्र दुहेरीचं रौप्य आणलं होतं, पण त्या फोटोत लोकांना सानियाच दिसते.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा पहाटे साडेपाचला टेनिसची किटबॅग घेऊन एल. बी. स्टेडियमला जातो. त्याच्या वडिलांनी परवा मला जिन्यातच हिशोब ऐकवला. सगळ्यात खालची पंधरा हजार डॉलरची स्पर्धा, तिच्या मुख्य ड्रॉमध्ये शिरून पहिल्या फेरीत हरलं तर हातात 156 डॉलर. त्यात विमान, हॉटेल, जेवण आणि रॅकेटचं गटिंग. तार तुटली की गटिंगवाला काही रँक विचारत नाही, पैसे मोजून घेतो. अख्खी स्पर्धा जिंकली तरी दोन हजारांच्या थोडं वर. "त्यापेक्षा कोचिंगची फी परवडली," म्हणाले. आणि हे सगळ्यांचंच. 2023मध्ये सुमित नागल देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू होता, तेव्हा त्यानेच सांगितलं होतं की खात्यात जेमतेम 900 युरो उरलेत.

मी त्यांना धीर द्यायला अल्माटीची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर 2024, कझाकस्तान. हैदराबादचा ऋत्विक बोल्लिपल्ली आणि पुण्याचा अर्जुन कढे, दोघांचंही एटीपीचं पहिलं विजेतेपद. पहिला सेट गमावून, सुपर टायब्रेक 14-12 असा खेचून. त्यांना बरं वाटलं असावं, कारण पुढचा प्रश्न आला, "दुहेरीत पैसे अर्धे अर्धे ना?"

ते दोघे जिंकले त्या रविवारी माझ्या मेव्हण्याचा पुण्याहून फोन आला होता. कप पुण्याचा, असं त्याचं म्हणणं. ह्याला अल्माटी नकाशावर दाखवता येणार नाही, पण कप पुण्याचा! मी हैदराबादच्या काचीगुड्यात जन्म काढलेला माणूस, गप्प बसणार थोडाच. ऋत्विकची सर्व्हिस, अर्जुनचा परतावा, कुणी किती गुण घेतले यावर आमची चांगली अर्धा तास जुंपली, आणि दोघांपैकी एकानेही सामना पाहिलेला नव्हता. शेवटी बायकोने फोन हिसकावून घेतला आणि भावाला विचारलं, "दिवाळीला येताय का ते सांग."