‘? किलो उडीद’

आजीच्या खानदेशी पाककृती मी वेबसाइटवर टाकल्या तेव्हा टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये होतं. तो फॉन्ट मोबाइलमध्ये नसला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. लिंबायतच्या मावशींनी तक्रार केली, म्हणून एका रात्रीत सगळी पानं युनिकोडमध्ये बदलली. तीही मूळ फायलींवरच! ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्या चुका बसून दुरुस्त केल्या. पण अर्धा-पावची चिन्हं कायमची गेली. कळण्याच्या दळणात आता ‘? किलो उडीद’ आहे. आजी नाही, विचारणार कोणाला?

साडीचं सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट काढत नाहीत, हे सुरतेत राहून मला कळू नये!

आता आधी अख्ख्या साइटची प्रत पेनड्राइव्हवर. मग प्रतीत एकच पान बदलायचं, मावशींच्या मोबाइलवर दाखवायचं, नंतरच वर चढवायचं. पानाचा पत्ता बदलला तर ३०१ रीडायरेक्ट लावतो, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली जुनी लिंकही नव्या पानावर पोचते. प्रत्येक बदलाची नोंद गिटमध्ये. ते २००५पासून फुकट मिळतंय, मीच उशिरा शिकलो.

तुमच्या घरी कळण्याला ज्वारीत उडीद किती घालतात? कळवा. आजीचं नाही, तरी जवळपासचं प्रमाण मिळेल.