शेपटीतला एक ग्रॅम

आम्ही उभयता लेकीकडे बालाघाटला गेलो होतो. मध्य प्रदेशातलं गाव, पण आपल्यासारखंच सीमेवरचं. बाजारात हिंदी, घरात मराठी आणि खेड्याकडे वळलं की पोवारी. आमच्या सौभाग्यवतींनी त्यात कानडीची भर घातली. नातू तिला ‘अज्जी’ म्हणतो आणि मला ‘आजोबा’, त्यामुळे घरात मराठी-कानडीचा समतोल आहे.

जावई खाणीतले इंजिनिअर. आधी भरवेलीच्या मँगेनीज खाणीत होते, आता तीन वर्षं परदेशात आहेत. गेल्या सुट्टीत त्यांनी नातवासाठी विमानाचं किट आणलं होतं. बाल्साच्या काड्या, पातळ कागद, एक प्लॅस्टिकचा पंखा आणि पीळ द्यायचं रबर. ‘पुढच्या वेळी आलो की दोघं मिळून करू’ असं ठरलं, पण पुढची वेळ काही आली नाही. शेवटी पोरानं एकट्यानंच ते जोडलं. वय वर्षं बारा! नकाशातली एक काडी इकडची तिकडे नाही. पिवळा रंग, चिकटचित्रं, आत छोटा वैमानिकसुद्धा. दोन मजली पंखांचं टायगर मॉथ. दृष्ट लागावी असं झालं होतं, फक्त उडत नव्हतं. हातातून सोडलं की नाक वर करायचं, क्षणभर थांबायचं आणि धप्पकन पडायचं. तीनदा पडल्यावर त्यानं ते कपाटावर ठेवून दिलं. लेक मला हळूच म्हणाली, “अप्पा, त्याच्यासमोर विमानाचा विषय काढू नका.”

आता मी उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्रीचे लाकडी पॅटर्न केलेला माणूस. लाकडाचं काही दिसलं की हात शिवशिवतात. विषय काढलाच.

टायगर मॉथ हे मूळ इंग्रजांचं शिकाऊ विमान, १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं. आठ हजारांहून जास्त बनली. आपल्या वायुसेनेतले जुने वैमानिकही त्याच्यावरच शिकले. पुढे बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी माणसाच्या हाताखाली एचटी-२ तयार झालं, १९५१ मध्ये उडालं, आणि शिकवण्याचं काम त्याच्याकडे गेलं. (कारखाना काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४० साली, म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं. मराठी-कानडी मिळून केलेल्या कामांची यादी कुणी केली तर हे नाव वरचं येईल.)

खरं टायगर मॉथ उडतं, मग आमचंच का पडतं? मी सोनाराकडून वजनकाटा मागून आणला. विमान भरलं ५२ ग्रॅम. त्यातले नऊ ग्रॅम नाकात चिकटवलेल्या मातीचे. इथेच मेख होती. खऱ्या विमानाच्या नाकात इंजिनाचं ओझं असतं, आमच्या नाकात नुसती हवा. दुपंखी विमानाचं नाक पंखांपुढे आखूड आणि शेपूट मागे लांब, म्हणजे शेपटीचं वजन लांब दांड्याच्या टोकावर टांगल्यासारखं. शेपटीत एक ग्रॅम वाढला की तो तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम भरावे लागतात. आमची शेपूट अखंड फळीची, वर रंगाचे दोन हात. शिवाय दोन पंख, मधले खांब आणि दोऱ्या हवेला अडवतात ते वेगळंच.

पॅटर्नवाल्याची सवय नेमकी उलटी. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी मापापेक्षा जरा मोठा करायचा. जन्मभर वाढवायला शिकलो, इथे कमी करायचं होतं. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ओरडली, “हगुर माडरी, हगुर!” हलकं करा. तिला विमानातलं काही कळत नाही, पण मुद्दा बरोबर होता.

मी करवत हातात घेतली तर पोराचा चेहरा उतरला. “आजोबा, कापू नका ना. बाबांनी दिलंय ते.”

मी त्याला राईट बंधूंची गोष्ट सांगितली. १८७८ मध्ये त्यांच्या वडिलांनी प्रवासातून रबरावर उडणारं एक खेळणं आणलं. मूळ कल्पना फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोची. पोरांनी ते मोडेपर्यंत उडवलं, मग स्वतः तसली खेळणी केली. आणि १९०३ मध्ये उडालं तेही दुपंखीच! नातू म्हणाला, “पण त्यांचे बाबा घरी होते.”

त्यांचेही वडील सारखे फिरतीवर असत, हे मला ठाऊक होतं. पण ते सांगून काय उपयोग? करवत खाली ठेवली.

दोन दिवसांनी तोच काटा घेऊन बसला होता. वैमानिक काढून वजन, चाकं काढून वजन, वहीत नोंद. मग म्हणाला, “शेपटी न कापता, सांध्यातून सोडवता येईल का? नवी करू आणि जुनी ठेवून देऊ.” माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

सांधा हळूहळू सोडवला. नागपूरहून हलका बाल्सा मागवला आणि नव्या शेपटीची फक्त चौकट केली, आकारानं जुनीपेक्षा थोडी मोठी, कारण लहान शेपूट विमानाला सावरू शकत नाही. तिच्यावर पतंगाचा कागद लावला, पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं. (अज्जीला तो ‘गाळीपटा’चा कागद.) वरून पाण्याचा बारीक फवारा मारला की वाळताना कागद ताणून बसतो. पंखांवरचा रंगीत कागदही नातवानंच सोलला. चाकं थर्माकोलची, त्यांचे पाय बांबूच्या कामट्यांचे. बालाघाटात बांबूला काय तोटा! दोऱ्या काढल्या, खालच्या पंखाची टोकं जरा वर उचलली, पंखा थोडा मोठा घेतला. किटमधलं आखूड रबर टाकून लांब पट्टीचे दोन वेढे घातले, एरंडेल चोळून. साधं यंत्राचं तेल लावू नये, ते रबर खातं. वजन भरलं ३१ ग्रॅम, नाकातली माती अवघी तीन.

गावाबाहेर धानाची कापणी झालेल्या बांध्या होत्या. सकाळी लवकर गेलो, वारा पडलेला असतो म्हणून. आधी पीळ न देताच विमान अलगद सोडून पाहायचं. नाक खुपसलं तर माती काढायची, नाक वर करून ढेपाळलं तर चिमूटभर लावायची. हे तासभर चाललं. मग शंभर पीळ दिले. विमान वर गेलं आणि डावीकडे कलंडून बांधावर पडलं. पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा विमानाला दुसऱ्या बाजूला लोटतो, त्याचा हा परिणाम. पंख्याच्या ठोकळ्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला काडेपेटीच्या काडीची चकती सरकवली, म्हणजे पंख्याचं तोंड जरा खाली आणि जरा उजवीकडे वळलं. खालच्या पंखाची एक काडी मोडली होती. माझ्या पोटात गोळा आला, कारण किट एकच. नातू मात्र शांतपणे म्हणाला, “त्याच मापाची दुसरी आहे,” आणि तिथेच बसून जोडली.

पुढच्या सकाळी रबर ताणून चारशे पीळ दिले. लेक मोबाईल धरून उभी, अज्जी मोठ्यानं मोजतेय, ओंदु, एरडु, मूरु. विमान उजवीकडे मोठं वळण घेत वर चढलं. पेनोचं विमान १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत ११ सेकंद उडालं होतं. अज्जीचं ‘हन्नोंदु’ झालं तरी आमचं वरच. पंखा थांबला, मग घारीसारखं उतरत आलं. ‘हत्तोंबत्तु’ला धसकटांत टेकलं.

चित्रफीत तासाभरात परदेशी पोचली. जावयांचा फोन आला, पोराशी बराच वेळ बोलले. त्यांनी विचारलं, “पिवळा रंग कुठे गेला रे?” यानं सांगितलं, “रंगाचेच चार ग्रॅम होते, बाबा.”

जुनी पिवळी शेपटी किटच्या खोक्यात कापसात ठेवली आहे. बाबा आले की नवी आणि जुनी, दोन्ही काट्यावर ठेवून दाखवायच्यात. त्यासाठी सोनाराचा काटा परत करू नका, असं मला बजावलंय. सोनाराला काय सांगायचं, ते लेक बघेल.