अंगठा वाचला, पण स्पर्श?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईच्या परिसरात शेतीला दुधाच्या जोडधंद्याचा आधार असतो, आणि गोठा आला की विजेवर चालणारी कडबाकुट्टीही येते. वैरण सारताना हात आत ओढला गेला, तर प्रथम सापडतात ती बोटे व अंगठा. जखम शिवली जाते, भरूनही येते. लोक म्हणतात, 'निदान अंगठा तरी वाचला.' परंतु त्याचा शेंडा कायमचा बधिर राहिला, तर तो खरोखर वाचला काय?

हाताच्या कार्यशक्तीपैकी सुमारे ४० टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा मानला जातो. ही शक्ती केवळ हाडात नसून स्पर्शात आहे. पहाटेच्या अंधारात धार काढणे, दाव्याची गाठ सोडणे, कांद्याचे रोप चिमटीत धरणे ही कामे बोटांच्या जाणिवेवर चालतात. बधिर अंगठ्यातून वस्तू निसटते, चटका बसतो. कळत मात्र नाही.

शल्यशास्त्राजवळ याला उत्तर आहे. स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी १९६४ साली मांडलेल्या पद्धतीत अंगठ्याच्या तळव्याकडील कातडी तिच्या चेतातंतू-रक्तवाहिन्यांसह पुढे सरकवून शेंडा झाकतात. नुकसान मोठे असल्यास मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या कडेची सचेतन कातडी अंगठ्यावर आणतात. मात्र तेव्हा स्पर्श बराच काळ मूळ बोटालाच झाल्याचा भास होतो. मेंदूला नवा धडा गिरवावा लागतो. रोजंदारीवरच्या मजुराला एवढी सवड कोण देणार?

गरिबाला इतकी नाजूक शस्त्रक्रिया म्हणजे चैन, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. बधिर अंगठ्याने कारकुनी एक वेळ निभते. ज्याचे एकमेव भांडवल हात, त्याचे निभत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, शेवटचे पेर गेल्यास २० टक्के घटते असे धरले होते. तुटलेला तुकडा मोजता येतो म्हणून यादीत आला. हरपलेल्या स्पर्शाला तीत स्वतंत्र स्थान नव्हते. स्वतःच्या गोठ्यात हात गमावणारा तर त्या कायद्याच्या लेखी कामगारच नव्हे!

म्हणून मागणी तीन पदरी हवी: यंत्राला संरक्षक जाळी, जखमीला वेळेवर हस्तशल्यचिकित्सकाकडे पाठवण्याची सोय, आणि उपचारकाळात निर्वाहभत्ता. कार्यकर्त्यांनीही जखमीच्या घरी गेल्यावर अंगठा आहे की नाही एवढेच पाहून परतू नये. डोळे मिटून चिमटीतला दाणा ज्वारीचा की बाजरीचा, हे त्याला ओळखता येते काय, ते विचारावे. नुकसानाचे खरे माप तेच आहे.