मंगळवारचं गिऱ्हाईक व्हा

२०१४च्या मार्चमध्ये मुंबईत ग्रँट रोडचं ‘बी. मेरवान’ बंद होणार अशी बातमी आली आणि मावा केकसाठी तिथे झुंबड उडाली. १९१४ सालचं इराणी हॉटेल, म्हणजे नेमकं शंभरीत आलेलं. लोकांनी फोटो काढले, आठवणी लिहिल्या, हळहळ व्यक्त केली. सुदैवाने त्या वेळी काही दिवसांनी हॉटेल पुन्हा उघडलं. पण एक प्रश्न उरतोच. निरोप द्यायला आलेली ही गर्दी आदल्या वर्षी कुठे होती?

सगळ्यांचं नशीब असं नसतं. धोबीतलावचं ‘बस्तानी’ गेलं, गिरगावात खोताच्या वाडीतलं ‘अनंताश्रम’ गेलं, पुण्यात डेक्कनवरचं ‘लकी’ गेलं. ही नावाजलेली म्हणून त्यांच्या बातम्या तरी झाल्या. तुमच्या नाक्यावरचं साधं हॉटेल ज्या दिवशी कायमचं शटर ओढेल, त्या दिवशी कुठे चौकटही छापून येणार नाही. म्हणून हे आवाहन त्या बिननावाच्या हॉटेलांसाठी आहे, आणि ती अजून उघडी असताना आहे.

ही हॉटेलं चैनीसाठी निघाली नव्हती. घरापासून लांब आलेल्या माणसाला खिशाला परवडेल असं खायला मिळावं आणि बसायला जागा मिळावी, एवढाच त्यांचा धंदा होता. धोबीतलावचं ‘कयानी’ १९०४चं, दादरचं मामा काण्यांचं उपाहारगृह १९१०चं, माटुंग्याचं ‘कॅफे मद्रास’ १९४०चं, पुण्याचं ‘गुडलक’ १९३५चं. कोणी इराणातून आलेला, कोणी उडुपीकडचा, कोणी इथलाच. गिरणगावात तर कामगारांच्या खानावळी बायकांनी आपल्या चुलीवर चालवल्या. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी त्याच बायकांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं. या शहरांचं पोट अशा जागांनी भरलं.

पण पोट आज कुठेही भरतं. आपण गमावतोय ते टेबल. कॉलेज सुटल्यावर पाच जण मिसळ खायला शिरतात ते दृश्य आठवा. तिघांच्याच खिशात पैसे असतात, म्हणून तीन मिसळ आणि पावाची एक जास्तीची लादी. पुण्यात वेटरला नुसतं “सँपल आण रे” म्हटलं की तर्रीची वाटी येते, पुन्हा मागितली तरी येते. कांदा-लिंबाची ताटली मधोमध. मग पाच जणांत तीन चहा. कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाचं जमलेलं असतं, कोणाचं मोडलेलं असतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला त्या टेबलावर कधी ओशाळं वाटत नाही, कारण बिल एवढं छोटं असतं की कोणीही सहज देऊन टाकतो. जिथे एका कॉफीला दोन-अडीचशे रुपये पडतात, तिथे हे होत नाही. तिथे ज्याची ऐपत नाही तो मित्र आधी कारणं सांगू लागतो आणि मग यायचाच बंद होतो.

लंडनमध्ये २०१० साली ‘डिशूम’ सुरू झालं ते मुंबईच्या इराणी हॉटेलांवरूनच. म्हणजे खुर्च्या, आरसे, जुन्या पाट्या यांची नक्कल जगात कुठेही करता येते. नाक्यावरचा दर आणि रोजची ओळख यांची नक्कल होत नाही.

ही हॉटेलं का बुडतात? पोरं धंद्यात यायला तयार नसतात, हे एक कारण. दुसरं पुनर्विकासाचं. मुंबईत यातली बरीच पागडीच्या जागेत आहेत. इमारत पाडली की भाडेकरूला कायद्याने नवी जागा मिळते, पण ती उभी राहीपर्यंत कित्येक वर्षं जातात. तोवर आचारी गावी गेलेला असतो, वेटर पांगलेले असतात, गिऱ्हाइकांना दुसरीकडची सवय लागलेली असते. तिसरं कारण आपल्या हातातला फोन. घरपोच ऑर्डरवर कमिशन कापलं जातं ते वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात जातं. वर डबे-पिशव्यांचा खर्च. चाळीस रुपयांच्या पोह्यांत एवढं निघणार कुठून? शनिवार-रविवारी टेबल मिळत नाही हे खरं, पण भाडं, पगार आणि गॅस मंगळवारीही लागतो.

काही जण म्हणतील, तिथे टेबल कळकट असतं, पंखा करकरतो, वेटर तोंडावर बोलतो. खरं आहे. मग गल्ल्यावर जाऊन मालकाला सांगा. इथे मालक समोर बसलेला असतो, आणि रोजच्या माणसाचं तो ऐकतो. ज्याला स्वच्छता राखायचीच नाही, त्याच्यासाठी गळा काढायचं कारण नाही. पण जो पहाटे उठून इमानदारीने सांबार लावतो, त्याचं हॉटेल केवळ आपल्या आळसापायी बंद पडू नये.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एवढं करा. आठवड्यातला एक साधा वार धरा आणि त्या दिवशी भेटायची जागा म्हणजे नाक्यावरचं हॉटेल, असं ठरवून टाका. घरी मागवण्याऐवजी चालत जा. गर्दीच्या वेळी एका चहावर तासभर टेबल अडवू नका. बसायचंच असेल तर आणखी काही मागवा, नाहीतर चार ते सहाच्या निवांत वेळी या. चहा दोन रुपयांनी वाढला म्हणून कुरकुर करू नका. वेटरला नावाने हाक मारा आणि टीप ठेवा. मुलींनो, तुम्हीही घोळक्याने जा. एके काळी तुम्हाला ‘फॅमिली रूम’च्या पडद्याआड बसवत, आता दर्शनी टेबल धरा. घरातल्या पोरांना घेऊन जा आणि ऑर्डर त्यांना देऊ द्या.

आणि तुमच्या इमारतीखाली असं हॉटेल असेल, तर पुनर्विकासाच्या सभेत गप्प बसू नका. करारात दोन गोष्टी लिहून घ्यायला लावा: हॉटेलाला नव्या इमारतीत रस्त्याकडेचाच गाळा मिळेल, आणि बांधकाम चालू असेपर्यंत त्याच वस्तीत तात्पुरती जागा मिळेल. सभासद एकत्र आले तर बिल्डरला हे मानायला लावता येतं.

सही मोहिमा आणि हळव्या पोस्ट यांनी गल्ला भरत नाही. तुमच्या मित्रांचा जो ग्रुप ‘एकदा भेटू या’ म्हणत वर्षभर टाळाटाळ करतोय, त्यावर आत्ताच हॉटेलचं नाव आणि वेळ टाका. येत्या मंगळवारी, संध्याकाळी सहा. जे येतील त्यांना घेऊन बसा, आणि उठताना पुढचा मंगळवारही ठरवूनच उठा.